लिनक्सवर स्वतःचा कॅलेंडर सर्व्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आज्ञा, फाइली आणि पॅकेजांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत द्यायची.

कॅलेंडरसाठी सर्व्हर लागतोच का?

एकच फोन आणि एकच माणूस असेल तर नाही. फोनमधलं कॅलेंडर पुरतं. अधूनमधून त्याची आयसीएस फाइल, म्हणजे नोंदींची प्रत, काढून ठेवली की झालं. तीच नोंद फोनवर, लॅपटॉपवर आणि आणखी कुणाच्या तरी फोनवर दिसायला हवी असेल, तर सर्व्हर लागतो. आपल्या भेटीगाठी आणि डॉक्टरांच्या तारखा कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रावर पडून राहू नयेत असं वाटत असेल, तर तो स्वतःचा लागतो.

कॅलडॅव्ह म्हणजे काय? ते समजून घ्यायलाच हवं का?

थोडंसं हवं, कारण पुढच्या निम्म्या अडचणी त्यातूनच येतात. कॅलेंडरमधली प्रत्येक नोंद ही एक छोटी मजकुराची फाइल असते. तिचा साचा आयकॅलेंडर या नावाने ठरलेला आहे. आज चालतो तो २००९ चा आरएफसी ५५४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांक दिलेला दस्तऐवज). या फाइली सर्व्हरवर ठेवायच्या, आणायच्या, पुसायच्या कशा, हे २००७ मधल्या आरएफसी ४७९१ ने ठरवलं. तेच कॅलडॅव्ह. तो वेबडॅव्हवर उभा आहे आणि वेबडॅव्ह साध्या एचटीटीपीवर.

साधी वेबसाइट ‘गेट’ आणि ‘पोस्ट’ या दोन विनंत्यांवर निभावते. कॅलडॅव्हला त्यांच्याशिवाय ‘पुट’, ‘डिलीट’, ‘प्रॉपफाइंड’ आणि ‘रिपोर्ट’ही लागतात. वेब सर्व्हरला सवय असते पानं दाखवण्याची, आणि आपण त्याच्याकडून फाइली लिहून घेत असतो. कुठेही अडलात की आधी हे आठवा.

कोणतं सॉफ्टवेअर निवडू?

तुमचं काम ज्यात भागेल त्यातलं सगळ्यात लहान.

रॅडिकेल पायथनमध्ये लिहिलेलं आहे, त्याला डेटाबेस लागत नाही, नोंदी सरळ फाइली म्हणून डिस्कवर राहतात. दोन-चार जणांसाठी मी डोळे झाकून हेच सुचवीन. बायकल पीएचपीवर चालतं आणि एसक्यूलाइट किंवा मायएसक्यूएल वापरतं. वापरकर्ते जोडायला त्यात ब्राउझरमधलं नीटनेटकं पान आहे, त्यामुळे ज्यांना सेटिंगच्या फाइली हाताने लिहायचा कंटाळा आहे त्यांना ते बरं. डॅव्हिकल जुनं आणि मजबूत आहे, पण पोस्टग्रेएसक्यूएल सांभाळायची तयारी हवी.

आणि नेक्स्टक्लाउड. ते उत्तम आहे, पण त्यात कॅलेंडर हा एक कोपरा आहे. फाइली, फोटो, गप्पा असं सगळं हवं असेल तरच घ्या. फक्त कॅलेंडरसाठी नेक्स्टक्लाउड बसवलेले लोक काही महिन्यांनी त्याच्या अद्ययावत आवृत्त्यांच्याच मागे धावताना दिसतात.

यंत्र किती मोठं हवं? लिनक्स कोणतं?

रॅडिकेल किंवा बायकलसाठी ५१२ एमबी मेमरीचं भाड्याचं व्हर्च्युअल यंत्रही पुरतं. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक तर निवांत चालवतो. नेक्स्टक्लाउडचे लोक स्वतः प्रत्येक पीएचपी प्रक्रियेमागे ५१२ एमबी सुचवतात, यावरून फरक लक्षात येईल. लिनक्स म्हणाल तर डेबियनची स्थिर आवृत्ती किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती. फेडोराच्या कुळातलं काही वापरत असाल तर तेही चालेल, फक्त खालचा ५०२ चा प्रश्न वाचून ठेवा.

अपाचे की एन्जिनएक्स?

बाहेरून आलेल्या विनंत्या घेऊन कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरकडे देणारे हे दोन वेब सर्व्हर. जो तुम्हाला येतो तो. दोन्ही येत नसतील तर रॅडिकेलसमोर एन्जिनएक्स, कारण त्याची सेटिंग छोटी असते. बायकलसोबत अपाचे सोपा पडतो.

रॅडिकेल आणि एन्जिनएक्स बसवण्याचा क्रम कसा असतो?

आधी डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा. कॅलेंडरसाठी एक वेगळं उपडोमेन घ्या आणि त्याची ए-नोंद तुमच्या सर्व्हरच्या पत्त्याकडे वळवा. आहे त्याच साइटच्या आत एखाद्या फोल्डरखाली कॅलेंडर बसवता येतं, पण मग रॅडिकेलला ‘एक्स-स्क्रिप्ट-नेम’ नावाचं शीर्षक पाठवून आपण कुठे बसलोय ते सांगावं लागतं, आणि पत्ते चुकण्याच्या शक्यता वाढतात. उपडोमेन फुकट असतं, वापरा.

मग अ‍ॅप्टने रॅडिकेल, एन्जिनएक्स आणि अपाचे-टू-युटिल्स ही पॅकेजं बसवा. तिसरं नाव पाहून दचकू नका, त्यातली फक्त पासवर्डची फाइल बनवणारी एचटीपासडब्ल्यूडी ही आज्ञा हवी आहे. ती मोठ्या ‘बी’ पर्यायासह चालवली की पासवर्ड बीक्रिप्टने साठवले जातात. रॅडिकेलला ते वाचता यावेत म्हणून पायथनचं बीक्रिप्ट पॅकेजही असू द्या. लहान ‘सी’ हा पर्याय नवी फाइल तयार करतो, म्हणून तो फक्त पहिल्या वापरकर्त्यासाठी. दुसऱ्याच्या वेळी सवयीने तोच दिलात तर पहिली फाइल पुसली जाते, आणि आज्ञा हूं की चूं करत नाही.

आता ईटीसीखालच्या रॅडिकेल फोल्डरातली कॉन्फिग ही फाइल उघडा. ‘ऑथ’ या विभागात प्रकार एचटीपासडब्ल्यूडी ठेवा, पासवर्डच्या फाइलचा पत्ता द्या, साठवणीची पद्धत बीक्रिप्ट लिहा. हा भाग टाळू नका. ३.५ पूर्वीच्या आवृत्त्यांत मुळातली सेटिंग अशी होती की कोणतंही नाव आणि कोणताही पासवर्ड चालायचा, ३.५ पासून उलट, सांगितल्याशिवाय कुणालाच आत घेत नाही. ‘सर्व्हर’ विभागाला मात्र हात लावू नका. रॅडिकेल मुळातच फक्त त्याच यंत्रावरच्या ५२३२ या पोर्टवर ऐकतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. बाहेरच्या जगाशी एन्जिनएक्स बोलेल.

एन्जिनएक्सच्या साइट्स-अव्हेलेबल फोल्डरात उपडोमेनच्या नावाची फाइल बनवा. त्यात सगळ्या विनंत्या प्रॉक्सी-पासने १२७.०.०.१ च्या ५२३२ पोर्टकडे पाठवा आणि सोबत मूळ होस्टचं नाव व ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ ही शीर्षकं द्या. फाइलचा दुवा साइट्स-एनेबल्डमध्ये जोडा. एन्जिनएक्स पुन्हा लोड करण्याआधी ‘एन्जिनएक्स -टी’ चालवा. अर्धविराम कुठे राहिला ते ती आज्ञा ओळीच्या क्रमांकासह सांगते.

शेवटी सिस्टमसीटीएलने दोन्ही सेवा ‘एनेबल’ करा. फक्त ‘स्टार्ट’ केलं तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर सेवा उठणार नाही, आणि ते कळेल नेमकं तुम्ही बाहेर असताना.

फायरवॉलमध्ये काय उघडायचं?

८० (एचटीटीपी), ४४३ (एचटीटीपीएस) आणि तुमच्या एसएसएचचं, म्हणजे दूरून लॉगिन करण्याचं, पोर्ट. ५२३२ नाही. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल वापरत असाल तर ती चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर उभे राहाल. भाड्याच्या यंत्रांवर बहुतेक वेळा कंपनीची आणखी एक फायरवॉल त्यांच्या नियंत्रण पानावर असते. यंत्रावर सगळं बरोबर असूनही साइट उघडत नसेल तर तिकडे बघा.

एचटीटीपीएस खरंच लागतं का? कॅलेंडर तर फक्त घरच्यांसाठी आहे.

लागतं. कॅलडॅव्हचे क्लायंट, म्हणजे फोन-लॅपटॉपवरची कॅलेंडरची अ‍ॅपं, बहुधा बेसिक पद्धतीने पासवर्ड पाठवतात, म्हणजे प्रत्येक विनंतीसोबत नाव आणि पासवर्ड बेस६४ मध्ये बांधून. बेस६४ म्हणजे कूटलेखन नव्हे. ते कुणीही एका क्षणात उलगडतं. फोन दिवसभरात कितीतरी वेळा सर्व्हरला विचारतो आणि त्यातल्या काही वेळा तो कुठल्यातरी उघड्या वाय-फायवर असतो.

लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. सर्टबॉट आणि त्याचं एन्जिनएक्ससाठीचं जोडपॅकेज बसवलं की तो प्रमाणपत्र आणतो आणि एन्जिनएक्सची सेटिंगही स्वतः बदलतो. नेहमीच्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची असते, आणि डेबियनच्या पॅकेजमधला टायमर मुदत संपण्याआधीच नूतनीकरण करतो. त्यासाठी पोर्ट ८० उघडं राहायला हवं. ‘आता एचटीटीपीएस आहे, ८० कशाला’ म्हणून ते बंद करणारे बरेच असतात. तीन महिन्यांच्या आत सगळ्यांच्या फोनवर एकाच दिवशी इशारे येतात. ‘सर्टबॉट रिन्यू’ ही आज्ञा ‘ड्राय-रन’ पर्यायासह एकदा चालवून बघा. आणि मुदत संपत आल्याची ईमेल येईल या भरवशावर राहू नका, लेट्स एन्क्रिप्टने त्या २०२५ मध्ये बंद केल्या.

फोनमध्ये सर्व्हरचा पत्ता काय टाकायचा?

आयफोनमध्ये कॅलडॅव्ह मुळातच आहे: कॅलेंडरच्या खात्यांत ‘इतर’ निवडून कॅलडॅव्ह खातं जोडा. अँड्रॉइडमध्ये ते नाही, म्हणून डॅव्हएक्स५ हे अ‍ॅप लागतं. एफ-ड्रॉइडवर ते विनामूल्य आहे, गूगल प्लेवर विकत. डेस्कटॉपवर थंडरबर्ड.

रॅडिकेल उपडोमेनच्या मुळाशी असेल तर नुसतं उपडोमेन पुरतं. बायकलसाठी त्यापुढे डॅव्ह-डॉट-पीएचपी लागतं, नेक्स्टक्लाउडसाठी रिमोट-डॉट-पीएचपी आणि मग डॅव्ह. हे लोकांना सांगत बसायचं नसेल तर एन्जिनएक्समध्ये एक ओळ घाला: ‘वेल-नोन’ फोल्डरातल्या ‘कॅलडॅव्ह’ या पत्त्यावर आलेल्याला खऱ्या पत्त्याकडे ३०१ ने वळवायचं. क्लायंटनी तिथेच चौकशी करायची हे २०१३ च्या आरएफसी ६७६४ मध्ये ठरलेलं आहे. ‘वेल-नोन’च्या आधी टिंब असतं, ते विसरू नका.

ब्राउझरमधून लॉगिन होतं, पण फोन पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारतो. असं का?

पासवर्ड बरोबर आहे, तो पोचत नाहीये. ब्राउझरमधलं पान स्वतःच्या फॉर्ममधून लॉगिन घेतं. फोन मात्र ‘ऑथरायझेशन’ या शीर्षकातून. अपाचे हे शीर्षक सुरक्षेच्या कारणाने सीजीआय आणि फास्टसीजीआय मार्गाने चालणाऱ्या प्रोग्रामला मुळात देतच नाही. पीएचपी-एफपीएम तसंच चालतं, त्यामुळे बायकलला वाटतं की कुणी पासवर्ड दिलेलाच नाही, आणि तो ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’, परत पाठवतो. फोन पुन्हा विचारतो, तुम्ही पुन्हा टाकता.

अपाचे २.४.१३ किंवा नंतरचा असेल तर त्या फोल्डराच्या सेटिंगमध्ये ‘सीजीआय-पास-ऑथ ऑन’ लिहा आणि अपाचे पुन्हा लोड करा. फोनवर खातं काढून नव्याने जोडण्यात वेळ घालवू नका. आधी टर्मिनलवरून कर्ल या आज्ञेने, नाव-पासवर्ड देऊन, ‘प्रॉपफाइंड’ विनंती पाठवा. २०७ आलं तर सर्व्हर बरोबर आहे आणि दोष फोनकडे आहे. ४०१ आलं तर अजून सर्व्हरवरच काम बाकी आहे. या एका चाचणीने निम्मं जग बाजूला होतं.

बायकल सुरू होतं, पण नोंद जतन करताना ‘डेटाबेस रीड-ओन्ली आहे’ असं म्हणतं.

एसक्यूलाइटची फाइल लिहिण्याजोगी आहे का हे तुम्ही पाहिलं असेलच. पाहायचा आहे तो तिचा फोल्डर. एसक्यूलाइट लिहिताना शेजारी एक तात्पुरती जर्नल फाइल तयार करतं, म्हणून वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याला फोल्डरातही लिहिता यायला हवं. डेबियनवर हा वापरकर्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, फेडोरावर अपाचे. बायकलचे ‘स्पेसिफिक’ आणि ‘कॉन्फिग’ हे दोन फोल्डर त्याच्या मालकीचे करा. बाकी काही नको. सगळ्याला ७७७ द्यायचा सल्ला कुठे दिसला तर तो तसाच सोडून पुढे जा.

त्याच ओघात एक गोष्ट तपासा: साइटचं मूळ बायकलच्या ‘एचटीएमएल’ या उपफोल्डरावर आहे ना? ते एक पायरी वर ठेवलंत तर ‘स्पेसिफिक’मधली डेटाबेसची फाइल, सगळ्यांच्या नोंदींसकट, पत्ता ओळखणाऱ्या कुणालाही उतरवून घेता येऊ शकते.

५०२, ४०५, ४१३ हे आकडे काय सांगतात?

५०२ म्हणजे एन्जिनएक्स आहे पण त्यामागचा प्रोग्राम भेटत नाही. सिस्टमसीटीएलने रॅडिकेलची स्थिती पाहा, जर्नलसीटीएलमध्ये शेवटच्या ओळी वाचा. सेवा व्यवस्थित चालू असूनही ५०२ येत असेल आणि यंत्र फेडोरा, आल्मा किंवा रॉकी असेल, तर कारण एसईलिनक्स (लिनक्समधला सुरक्षेचा पहारेकरी). वेब सर्व्हरने जाळ्यावरून दुसऱ्या सेवेशी बोलणं त्याला मुळात मान्य नसतं. ‘एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट’ हा स्विच सेटसीबूलने, मोठ्या ‘पी’ पर्यायासह, चालू करा. ‘पी’ नसेल तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना तो परत बंद. एसईलिनक्सच बंद करून टाकणं हा उपाय नाही.

४०५ बहुधा सांगतो की ‘प्रॉपफाइंड’ अ‍ॅपपर्यंत गेलंच नाही; एन्जिनएक्सने साधी फाइल समजून ते स्वतःच हाताळलं, किंवा मध्ये बसवलेल्या एखाद्या सुरक्षा नियमाने अनोळखी विनंती अडवली. ४१३ येतो जुनं कॅलेंडर एकदम आयात करताना: एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती घेत नाही. ‘क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ’ वाढवा.

नोंदी एका तासाने पुढेमागे का सरकतात?

आधी सर्व्हरकडे बोट दाखवलं जातं, पण दोष तिथे क्वचितच असतो. कॅलेंडरच्या फाइलीत वेळ तीन तऱ्हांनी लिहिता येते. शेवटी ‘झेड’ लावून यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. ‘टीझेडआयडी’ देऊन ठराविक गावाच्या घड्याळाप्रमाणे. किंवा काहीच न देता, म्हणजे जिथे असाल तिथल्या घड्याळाप्रमाणे. एकदाच होणाऱ्या भेटीला पहिल्या दोन्ही तऱ्हा चालतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदीला यूटीसी चालत नाही.

समजा लंडनमध्ये दर सोमवारी सकाळी १० ला बैठक आहे आणि ती जानेवारीत नोंदवली. तेव्हा लंडनचं घड्याळ यूटीसीबरोबर असतं, म्हणून एखादा क्लायंट ‘१० यूटीसी, दर आठवड्याला’ असं लिहून मोकळा होतो. मार्चच्या अखेरीस तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि बैठक ११ वाजता दिसू लागते. फाइल तीच आहे, सर्व्हरने तिला स्पर्शही केलेला नाही. नोंद उघडून तिला नीट वेळक्षेत्र द्या, ‘युरोप/लंडन’ असं. नुसता अधिक-उण्याचा फरक देऊन उपयोग नाही.

हे शोधायला रॅडिकेल बरं पडतं, कारण फाइल कॅट आज्ञेने सरळ वाचता येते. ‘डीटीस्टार्ट’ची ओळ पाहा, उत्तर तिथेच असतं.

सर्व्हरकडून एवढंच हवं: टीझेडडेटा पॅकेज ताजं असावं, कारण सरकारं घड्याळाचे नियम बदलत असतात, आणि यंत्राचं घड्याळ बरोबर असावं, ते क्रोनी किंवा सिस्टमडी-टाइमसिंकडी पाहतं. यंत्राचं स्वतःचं वेळक्षेत्र यूटीसीच ठेवा, लॉग वाचताना डोकं शांत राहतं. रास्पबेरी पायच्या ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं; वीज जाऊन आल्यावर जाळं मिळेपर्यंत ते चुकीच्या वेळेत असतात, आणि तेवढ्या वेळात प्रमाणपत्रांबद्दल भलत्याच तक्रारी करतात.

एका दिवसाची सुट्टी दोन दिवस दिसते.

पूर्ण दिवसाच्या नोंदीत शेवटची तारीख धरायची नसते, असा आयकॅलेंडरचा नियम आहे. ५ तारखेची सुट्टी लिहायची ती ‘५ पासून ६ पर्यंत’ अशी. स्वतः स्क्रिप्ट लिहून आयसीएस फाइल बनवणारे इथे हमखास अडकतात. उलट चूकही होते: नियम न पाळणाऱ्या प्रोग्रामने ६ ही तारीख मोजली की सुट्टी एका दिवसाने लांबते. कॅलेंडरमध्येच लांबते, दुर्दैवाने.

लॅपटॉपवर टाकलेली नोंद फोनवर लगेच का येत नाही?

कारण सर्व्हर फोनला हाक मारत नाही. फोन ठराविक वेळाने येऊन विचारतो. मध्यांतर क्लायंटच्या सेटिंगमध्ये असतं. पंधरा मिनिटांवर ठेवलंत तरी लहान सर्व्हरला काही होत नाही, कारण दर वेळी सगळ्या नोंदी जात नाहीत, फक्त काय बदललं तेवढं विचारलं जातं.

दोघांना एकच कॅलेंडर कसं वापरता येईल?

रॅडिकेलमध्ये हक्कांची वेगळी फाइल लिहून दुसऱ्याला वाचण्या-लिहिण्याची परवानगी देता येते, पण दुसऱ्याचा क्लायंट ते कॅलेंडर आपोआप शोधेलच असं नाही. त्याला पूर्ण पत्ता द्यावा लागतो. घरगुती वापरात ‘घर’ नावाचं तिसरं खातं काढून ते दोघांच्याही फोनवर जोडणं हा मार्ग जरा गावठी आहे, पण वर्षानुवर्षं न कुरकुरता चालतो.

यंत्र घरात आहे आणि इंटरनेट कंपनी स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाही. मग?

मग बाहेरून थेट येता येणार नाही, राउटरवर कितीही पोर्ट उघडा. फोन आणि घरातलं यंत्र वायरगार्ड या व्हीपीएनने जोडायचं म्हटलं तर एक तरी टोक सार्वजनिक पत्त्यावर लागतं, म्हणजे एखादं स्वस्त भाड्याचं यंत्र. प्रमाणपत्रासाठी पोर्ट ८० ऐवजी डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद घालून मालकी सिद्ध करता येते, त्यामुळे बाहेरून न दिसणाऱ्या सर्व्हरलाही खरं प्रमाणपत्र मिळतं. आणि बाहेर असताना ताज्या नोंदी आल्या नाहीत तरी चालणार असेल तर काहीच करू नका. फोनकडे प्रत असते. घरी आलं की जुळवून घेतो.

सगळ्या फोनांवर प्रत आहे, तर वेगळा बॅकअप कशाला?

कुणी चुकून कॅलेंडर पुसलं तर पुसणंही सगळ्या फोनांवर इमानेइतबारे पोचतं, म्हणून.

रॅडिकेलच्या नोंदी व्हार-लिबखालच्या रॅडिकेल फोल्डरात असतात; तो रोज आरसिंकने दुसऱ्या यंत्रावर, तारखेच्या नावाच्या फोल्डरात न्या. प्रत्येक बदलानंतर एखादी आज्ञा चालवण्याची सोयही रॅडिकेलमध्ये आहे. तिथे गिट जोडलं की कोणती नोंद कधी बदलली याचा पूर्ण इतिहास मिळतो. एसक्यूलाइटची फाइल चालू असताना नुसती सीपीने उचलू नका, अर्धवट लिहिलेली प्रत हाती लागू शकते. एसक्यूलाइट३ च्या ‘बॅकअप’ आज्ञेने घ्या. डॅव्हिकलसाठी पीजी-डंप. पासवर्डची आणि सेटिंगची फाइलही सोबत ठेवा. मग एखाद्या रिकाम्या यंत्रावर ते सगळं परत उभं करून एक फोन जोडून बघा. तोवर तो बॅकअप आहे की नुसत्या फाइली, हे कुणी सांगू शकत नाही.

निमंत्रणं ईमेलने का जात नाहीत?

कॅलेंडर सर्व्हर आणि मेल सर्व्हर हे वेगळे प्राणी आहेत. बायकल आणि नेक्स्टक्लाउड मेल पाठवू शकतात, पण त्यांना पाठवणारी यंत्रणा पुरवावी लागते, आणि घरच्या पत्त्यावरून निघालेला मेल बहुतेक ठिकाणी कचऱ्यात जातो. थंडरबर्ड स्वतःच्या मेल खात्यातून निमंत्रण पाठवतो, तेवढ्यावर भागवा.

पुढे देखभाल किती?

डेबियनवर अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवतं. फेल२बॅन लावलंत तर पासवर्ड चाचपणारे पत्ते अडवले जातात, मात्र रॅडिकेलच्या लॉगमध्ये खरा पत्ता यायला हवा असेल तर एन्जिनएक्सने ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ पाठवायला हवं. नाहीतर फेल२बॅनला प्रत्येक चोर १२७.०.०.१ वरूनच आलेला दिसेल. बायकल झिपमधून बसवलं असेल तर ते अ‍ॅप्टच्या नजरेबाहेर आहे, त्याच्या नव्या आवृत्त्या तुम्हालाच पाहाव्या लागतील: जुना फोल्डर बाजूला ठेवा, नवा उलगडा, ‘स्पेसिफिक’ आणि ‘कॉन्फिग’ जुन्यातून आणा, आणि ब्राउझरमध्ये अ‍ॅडमिनचं पान उघडा, डेटाबेस बदलायचा असेल तर ते तिथेच विचारतं. तसं करण्याआधी बॅकअप घ्या.